न्यायमूर्ती सर नारायण गणेश चंदावरकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वाचकाला चंदावरकरांचं नाव बहुतेक वेळा दोन वेगळ्या ठिकाणी भेटतं. सावरकर बंधूंच्या चरित्रांत ते शिक्षा देणाऱ्या न्यायासनावर बसलेले असतात. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांच्या चरित्रात ते अस्पृश्यांच्या पहिल्या मिशनचे अध्यक्ष असतात. शाळकरी वयात मला हे दोन चंदावरकर वेगवेगळे वाटायचे. एकच माणूस आहे हे कळल्यावर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. तेव्हापासून लोकांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची ही उत्तरं.

चंदावरकर नेमके कोण? दोन ओळींत सांगा.

जन्म २ डिसेंबर १८५५, होनावर. मृत्यू १४ मे १९२३, बंगळूर. मधल्या सदुसष्ट वर्षांत पत्रकार, हायकोर्ट वकील, काँग्रेसचे अध्यक्ष (लाहोर, १९००), मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, प्रार्थना समाजाचे अध्यक्ष आणि शेवटी मुंबई कायदे कौन्सिलचे अध्यक्ष. १९१० साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

ते मराठी होते का?

जन्माने नाही. कुटुंब चित्रापूर सारस्वत, घरची बोली कोंकणी, मुलूख कानडी. आडनाव उत्तर कानड्यातल्या चंदावर गावावरून पडलेलं. होनावरचा तो जिल्हा आधी मद्रास इलाख्यात होता आणि १८६२ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला. ही साधी सरकारी फेररचना पुढे फार मोलाची ठरली, कारण तिथल्या हुशार मुलांचं तोंड त्यामुळे मुंबईकडे वळलं. नारायणरावांचे मामा शामराव विठ्ठल कैकिणी हे त्या समाजातलं मोठं नाव. आज 'एसव्हीसी' नावाची जी सहकारी बँक आपण रस्त्यावर पाहतो, ती १९०६ मध्ये त्यांच्याच स्मरणार्थ 'शामराव विठ्ठल' या नावाने सुरू झाली.

मुंबईत आल्यावर मात्र त्यांचं सार्वजनिक आयुष्य इंग्रजी आणि मराठी या दोन भाषांत गेलं. प्रार्थना समाजाची उपासना मराठीत आणि तुकोबांच्या अभंगांच्या आधाराने चालायची. मराठी ही त्यांनी कमावलेली भाषा होती आणि त्यांना ती बारकाव्यांसकट येत होती. याचा एका खटल्यात काय परिणाम झाला, ते पुढे येईलच.

शिक्षण कुठे झालं?

एल्फिन्स्टन कॉलेजात. तिथे ते दक्षिणा फेलो, म्हणजे दक्षिणा निधीतून विद्यावेतन मिळणारे फेलो, होते. १८८१ मध्ये एलएल. बी. झाले आणि उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली करू लागले.

वकिलीच्या आधी ते संपादक होते म्हणतात, ते खरं का?

आधीही आणि वकिलीबरोबरही. 'इंदुप्रकाश' हे मुंबईचं इंग्रजी-मराठी साप्ताहिक १८६२ मध्ये निघालं. विष्णुशास्त्री पंडितांनी त्याच्या मराठी बाजूत विधवाविवाहाचा किल्ला लढवला होता. त्याची इंग्रजी बाजू चंदावरकरांनी १८७८ ते १८८९ अशी अकरा वर्षं सांभाळली. हातात घेतली तेव्हा त्यांचं वय अवघं बावीस-तेवीस. विधवांचं केशवपन, बालविवाह, संमतिवय, जातिबहिष्कार या विषयांवर पुण्या-मुंबईत त्या वेळी घरं दुभंगत होती. त्या वादांत इंदुप्रकाश सुधारकांच्या बाजूला ठाम उभं होतं. चंदावरकरांवर सगळ्यात मोठा प्रभाव न्यायमूर्ती रानड्यांचा. हा धागा शेवटपर्यंत तुटला नाही.

१८८५ मध्ये ते विलायतेला कशासाठी गेले?

तिथे सार्वत्रिक निवडणूक होती. हिंदुस्थानचं गाऱ्हाणं थेट इंग्रज मतदारापुढे मांडावं म्हणून तीन इलाख्यांनी तीन तरुण धाडले: बंगालमधून मनमोहन घोष, मद्रासकडून सालेम रामस्वामी मुदलियार आणि मुंबईकडून चंदावरकर. वय तिशीच्या आतलं. सभांमागून सभा घेत ते हिंडले आणि परतल्यावर त्या अनुभवांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकही लिहिलं. त्याच डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं.

मला हा प्रवास महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. इंग्रजी राज्याशी भांडायचं ते इंग्रजांच्याच कायद्याच्या आणि न्यायबुद्धीच्या आधाराने, ही त्यांची श्रद्धा या वयात पक्की झाली. पुढे आयुष्यभर त्यांनी जे बरं-वाईट केलं, त्याच्या मुळाशी ती आहे.

त्या काळी हायकोर्टाचा न्यायमूर्ती कसा नेमला जायचा?

हे समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट उमगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८६१ च्या कायद्याने उच्च न्यायालयं स्थापन झाली आणि मुंबईचं १८६२ मध्ये सुरू झालं. कायद्याने न्यायमूर्तींच्या जागांची वाटणी ठरवून दिली होती. निदान एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांना आणि निदान एक तृतीयांश सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्यांना. दोन्हीकडे बहुतेक इंग्रजच. उरलेल्या थोड्या जागांवर खालच्या कोर्टात निदान पाच वर्षं न्यायाधीश राहिलेला किंवा हायकोर्टात निदान दहा वर्षं वकिली केलेला माणूस जाऊ शकायचा. देशी माणसाला मुख्यतः हा तिसरा, अरुंद दरवाजा होता. त्यामुळे मुंबईत एका देशी न्यायमूर्तीची जागा रिकामी झाली की तिथे कोण बसणार याची चर्चा घरोघर व्हायची. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी रानडे आले. १६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले आणि त्यांची जागा चंदावरकरांकडे आली.

कोर्टाच्या दोन शाखा होत्या. मूळ शाखेत मुंबई शहरातले मोठे दावे चालत आणि तिथे बॅरिस्टरांची सद्दी होती. अपील शाखेत साऱ्या इलाख्यातून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, धारवाड, खानदेश, गुजरात इथून अपिलं येत. वतनं, दत्तक, वाटण्या, विधवेची पोटगी, देवस्थानांचे हक्क असा सगळा मामला. मूळ कागद मोडीत, मराठीत, कानडीत, गुजरातीत असत आणि इंग्रज न्यायमूर्ती त्यांची भाषांतरं वाचत. वकील म्हणून वीस वर्षं चंदावरकर याच शाखेत वावरले होते. कागदाची मूळ भाषा जाणणारा न्यायमूर्ती त्या पीठावर बसला, की पक्षकाराला आपलं म्हणणं पोचतंय असं वाटायचं. ही गोष्ट लहान नाही.

काँग्रेसचा अध्यक्ष लगेच सरकारी न्यायासनावर कसा काय बसला?

त्या काळी यात कुणाला विसंगती वाटत नसे. बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि १८९५ मध्ये मुंबईचे न्यायमूर्ती झाले. तेव्हाची काँग्रेस वर्षातून एकदा भरायची, ठराव करायची आणि ते सरकारला सादर करायची. तिचे बरेचसे पुढारी वकील होते. चंदावरकर डिसेंबर १९०० मध्ये लाहोरला अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती. मग साधारण बारा वर्षं ते राजकारणापासून दूर राहिले. वंगभंग, सुरतेची फूट, टिळकांची मंडालेची शिक्षा या सगळ्या काळात ते न्यायासनावर होते.

लोकमान्य टिळकांना शिक्षा त्यांनीच दिली ना?

नाही. ही गल्लत बरेच जण करतात. १९०८ चा टिळकांचा खटला न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे चालला. २२ जुलै १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली ती त्यांनी दिली. चंदावरकरांचा त्या खटल्याशी संबंध नव्हता. टिळक आणि चंदावरकर सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर परस्परांच्या विरुद्ध बाजूंना होते, एवढं मात्र खरं.

मग बाबाराव सावरकरांच्या खटल्यात त्यांचा भाग काय होता?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे.

गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकर, यांनी 'लघु अभिनव भारत मेळा' नावाने कवितांचं एक छोटं पुस्तक प्रसिद्ध केलं होतं. त्यावरून नाशिकला खटला होऊन जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आरोप दोन: कलम १२४-अ खाली राजद्रोह आणि कलम १२१ खाली बादशहाविरुद्ध युद्धाला चिथावणी. राजद्रोहाचा एकटा आरोप असता तर प्रकरण इतकं टोकाला जातंच असं नाही. कलम १२१ ची शिक्षा मात्र फाशी किंवा जन्मठेप. अपील मुंबईला आलं ते चंदावरकर आणि हीटन यांच्या खंडपीठापुढे.

मुद्दा असा होता. कवितांत देव होते, दैत्य होते, शिवाजी महाराज होते. पुराण आणि इतिहास सांगितला म्हणून कुणी युद्ध पुकारलं असं होतं का? हीटन यांच्यासमोर भाषांतर होतं. चंदावरकरांना भाषांतराची गरज नव्हती. आपल्याकडे कीर्तनकार कंसाची गोष्ट सांगता सांगता समोरच्या जुलमी मामलेदाराला कसा चिमटा काढतो, मेळ्यातलं पद रामायणाचं असलं तरी रोख कुठे असतो, हे मराठी कानाला सांगावं लागत नाही. त्यांना तो रोख कळला आणि त्यांनी तो निकालपत्रात लिहिला: देवांची आणि वीरांची नावं हे नुसतं निमित्त आहे, खरा उपदेश आहे तो परकं आणि जुलमी सरकार तलवारीने उलथून टाकण्याचा. नोव्हेंबर १९०९ मध्ये अपील फेटाळलं गेलं. १९१८ च्या राजद्रोह समितीने, म्हणजे रौलट समितीने, आपल्या अहवालात हाच उतारा घेतला आणि तो लिहिणाऱ्याची ओळख 'मराठी जाणणारे न्यायाधीश' अशी करून दिली.

निकालपत्र वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. त्यांनी कवितांचा अर्थ चुकीचा लावला असं म्हणता येत नाही. अर्थ त्यांनी बरोबर लावला. कायद्याचा काथ्याकूटही त्यात प्रामाणिक आहे: मनं पेटवणं म्हणजे राजद्रोह, कृतीला उभं करणं म्हणजे युद्धाची चिथावणी, असा फरक कोर्टाने केला आणि या कविता दुसऱ्या बाजूला पडतात असं ठरवलं. पण एका छोट्या पुस्तकातल्या पद्यांसाठी एका माणसाचं सगळं आयुष्य अंदमानात, हे प्रमाण माझ्या मनाला पटत नाही. शिक्षा कमी करण्याची जागा कायद्याने तिथे फार थोडी ठेवली होती. कलमच लागू नाही, असं म्हणायची वाट मात्र न्यायमूर्तींपुढे खुली होती. ती त्यांनी घेतली नाही.

काही आठवड्यांतच, २१ डिसेंबर १९०९ ला, अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बाबारावांवर खटला भरण्यात जॅक्सनचा हात होता, हा राग त्यामागे होता.

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या खटल्यातही ते होते का?

हो. नाशिक कटाचा खटला सप्टेंबर १९१० मध्ये मुंबईला विशेष न्यायमंडळापुढे सुरू झाला. १९०८ च्या नव्या कायद्याने अशा खटल्यांना तीन न्यायमूर्ती बसत, ज्यूरी नसे आणि निकालावर अपील नसे. मुख्य न्यायमूर्ती बेझिल स्कॉट, चंदावरकर आणि हीटन असे ते तिघं. वर सांगितलेली वाटणी इथे डोळ्यांपुढे उभी राहते: एक बॅरिस्टर, एक हायकोर्ट वकील, एक सिव्हिल सर्व्हिसमधला. आरोपी अडतीस. २४ डिसेंबर १९१० ला विनायकरावांना जन्मठेप आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली. जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप. दोन्ही मिळून पन्नास वर्षं.

'सर' हा किताब त्याचंच बक्षीस होतं का?

बाबारावांचं अपील १९०९ च्या शेवटी, किताब १९१० मध्ये, नाशिक कटाचा निकाल त्या वर्षाच्या अखेरीस. तारखा अशा शेजारी शेजारी लावल्या की शंका येते, हे मी समजू शकतो. पण उच्च न्यायालयातली नऊ-दहा वर्षं आणि विद्यापीठाचं काम एवढ्यावर त्या काळी किताब मिळतच असे. तारखांच्या पलीकडे दोन्ही गोष्टी जोडणारं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. शिवाय त्यांनी जे निकाल दिले ते त्यांच्या तीस वर्षांच्या मतांशी जुळणारेच होते. १८८५ मध्ये इंग्रज मतदारापुढे उभा राहिलेला माणूस पिस्तुलाची बाजू घेईल, ही अपेक्षाच चूक आहे.

प्रार्थना समाजातलं त्यांचं काम काय?

प्रार्थना समाज मुंबईत १८६७ मध्ये निघाला. मूर्ती नाही, जातिभेद नाही, एकाच निराकार ईश्वराची उपासना आणि आधाराला तुकोबा-नामदेवांची वाणी. रानड्यांनंतर, १९०१ पासून मृत्यूपर्यंत, चंदावरकर त्याचे अध्यक्ष होते. न्यायासनावर दिवस काढून गिरगावच्या मंदिरात हा माणूस उपासना चालवायला बसायचा आणि व्याख्यानं द्यायचा. रानड्यांनी सुरू केलेल्या सामाजिक परिषदेची धुराही त्यांच्याकडेच आली. सभासद मूठभर, बहुतेक शिकलेले आणि सुस्थितीतले. त्यामुळे समाजाचं काम गिरगावाबाहेर फारसं पसरत नाही, ही टीका रास्त होती. ती भिंत फोडली ती शिंद्यांनी.

विठ्ठल रामजी शिंदे आणि चंदावरकर यांचं नातं कसं होतं?

शिंदे १९०३ मध्ये ऑक्सफर्डहून धर्मशास्त्र शिकून परतले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. समाजाचं काम म्हणून ते देशभर हिंडले आणि अस्पृश्य वस्त्या पाहून हादरले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, परळला मोरारजी वालजी यांच्या बंगल्यात भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळीची, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशनची, पहिली शाळा उघडली. अध्यक्ष न्यायमूर्ती चंदावरकर, चिटणीस शिंदे. शिंद्यांच्या बहीण जनाबाईंनी तिथे कामाला वाहून घेतलं.

त्या परळची कल्पना करून पाहा. गिरण्यांचे भोंगे, चाळी, आणि एका बंगल्यात महार-चांभार-मांगांची पोरं पाटी घेऊन बसलेली. अशा शाळेला जागा द्यायला, पैसा द्यायला, शिक्षक म्हणून जायला शंभरांतले नव्व्याण्णव तयार नसत. तिथे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचं नाव पाटीवर असणं याचा उपयोग काय होता, हे वर्गणी मागायला फिरलेल्या माणसालाच कळेल. पायपीट शिंद्यांची, यात वाद नाही. चंदावरकरांनी आपली सारी प्रतिष्ठा त्या पायपिटीच्या पाठीशी उभी केली. पुढे या मिशनच्या शाळा आणि वसतिगृहं मुंबई-पुण्याबाहेरही गेली.

डॉ. आंबेडकरांच्या लेखनात त्यांचा उल्लेख येतो, तो कशाबद्दल?

११ नोव्हेंबर १९१७ ला मुंबईत अस्पृश्य वर्गाची एक सभा चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांनी मिळून मांडलेल्या राजकीय सुधारणांच्या योजनेला पाठिंबा द्यायचा आणि त्याबरोबर अस्पृश्यांवर लादलेल्या अन्यायांविरुद्ध काँग्रेसने ठराव करावा अशी मागणी करायची, असे ठराव तिथे झाले. त्याच डिसेंबरात कलकत्त्याच्या अधिवेशनात काँग्रेसने तसा पहिला ठराव केला. बाबासाहेबांनी काँग्रेसची कठोर झडती घेताना याच घटनेपासून सुरुवात केली आहे: ठराव अस्पृश्यांच्या कळवळ्याने झाला की त्यांचा पाठिंबा मिळवण्यापुरता? प्रश्न काँग्रेसला आहे, पण सभेच्या अध्यक्षांनाही तो थोडा लागतोच. माझं मत असं, की १९०६ पासून परळच्या शाळेशी बांधलेल्या माणसाबद्दल ती शंका टिकत नाही.

न्यायासन सोडल्यावर काय केलं?

थोडा काळ इंदूर संस्थानचा कारभार पाहिला आणि १९१४ च्या सुमारास मुंबईच्या राजकारणात परतले. काँग्रेस पुन्हा फुटली तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जी, दिनशा वाच्छा यांच्यासोबत ते नेमस्तांच्या, म्हणजे मवाळांच्या, बाजूला गेले.

एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांनीही लपवू नये. १९१८ मध्ये बंगालमधल्या स्थानबद्धांची प्रकरणं तपासायला न्यायमूर्ती बीचक्रॉफ्ट आणि चंदावरकर यांची समिती नेमली गेली. खटल्याशिवाय डांबलेल्या लोकांचे पोलिसी कागद दोघांनी बंद दाराआड वाचले. त्यांच्या बाजूने बोलायला वकील नव्हता. ८०६ प्रकरणं तपासली आणि सुटकेची शिफारस केली फक्त सहा जणांची. बाबारावांच्या अपिलात निदान दोन्ही बाजूंचा युक्तिवाद झाला होता. इथे आयुष्यभर पुरावा आणि उलटतपासणी यांवर जगलेल्या माणसाने एका बाजूच्या कागदावर विश्वास ठेवला. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मला सगळ्यात जास्त सलतं ते हे.

गांधीजींशी त्यांचं कसं जमायचं?

आदर दोन्हीकडून, मतभेदही दोन्हीकडून. जालियनवाला बागेबद्दल हंटर समितीचा अहवाल आला तेव्हा १९२० मध्ये मुंबईत जी निषेध सभा झाली, तिचे अध्यक्ष चंदावरकर होते आणि ठराव गांधीजींनी मांडला. त्याच वर्षी असहकाराची हाक आली, तेव्हा चंदावरकर आणि इतर काही पुढाऱ्यांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढलं. असहकार धर्मग्रंथांना धरून नाही, असं त्यात म्हटलं होतं. गांधीजींनी ऑगस्ट १९२० मध्ये 'यंग इंडिया'त उत्तर दिलं. एवढ्या विद्वान पुढाऱ्याशी वाद घालणं जिवावर येतं, असं आधी नम्रपणे सांगून त्यांनी गीतेपासून कुराणापर्यंत एकेक मुद्दा खोडला. अन्याय करणाऱ्याशी सहकार्य न करणं हाच धर्म, ही बाजू तरुणांना पटली. नेमस्तांच्या मागे माणसं राहिली नाहीत.

त्यांच्या घरातलं पुढे कोणी सार्वजनिक जीवनात आलं का?

मुलगा, सर विठ्ठल चंदावरकर. मुंबईचे महापौर आणि नंतर विद्यापीठाचे कुलगुरू.

त्यांची शेवटची वर्षं कशी गेली?

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये मुंबईचं नवं कायदे कौन्सिल बसलं आणि पहिले बिनसरकारी अध्यक्ष म्हणून चंदावरकरांची नेमणूक झाली. असहकारवाल्यांनी कौन्सिलावर बहिष्कार घातला होता, त्यामुळे हे सभागृह अपुरं आहे याची जाणीव सगळ्यांनाच होती. अध्यक्ष असतानाच १४ मे १९२३ ला बंगळूरला त्यांचं निधन झालं.

४ ऑगस्ट १९२३ ला त्याच सभागृहात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कोर्टं आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं ते या ठरावाच्या आधाराने, आणि ते कागदावरच राहिलं म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे पाणी प्यायला गेले. परळच्या शाळेपासून बोले ठरावापर्यंत सतरा वर्षं गेली होती. चंदावरकर आणखी तीन महिने जगते, तर तो ठराव मंजूर झाल्याचं अध्यक्षांच्या खुर्चीवरून त्यांनीच जाहीर केलं असतं.